झूमवरची ऑस्की: परीक्षक घाटापलीकडे, विद्यार्थी कोकणात

ऑस्की म्हणजे स्टेशनांची परीक्षा: दर स्टेशनवर एक ठरावीक काम, वेळ झाली की पुढचं स्टेशन. तिच्यातून एमबीबीएसच्या मुलांची क्लिनिकल कौशल्यं व्हिडिओवरून तपासता येतात का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. स्टेशन बदललं की उत्तर बदलतं. हिस्ट्री (आजाराची माहिती) घेणं, रुग्णाला समजावणं, हात धुणं, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) ही स्टेशनं बिनधास्त घ्या. पोट तपासणं अर्धंमुर्धं जमतं. हृदयाचा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, मायक्रोफोनमधून परीक्षकाला ऐकवून गुण द्यायचे असतील, तर तो नाद सोडा. हे परीक्षण एका ठरावीक मांडणीचं आहे: झूमचं पैसे भरलेलं एक खातं, स्टेशनमागे दोन मोबाइल, आणि आपल्या गावी लॅपटॉपसमोर बसलेला परीक्षक.

कोकणाला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. डेरवण आणि पडवे इथली खासगी महाविद्यालयं, अलीकडे सुरू झालेली अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसची शासकीय महाविद्यालयं, या सगळ्यांना बाहेरचा परीक्षक मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरहून आणावा लागतो. जुलैत आंबा किंवा करूळ घाटात दरड आली, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने धावू लागली, की एका दिवसाच्या परीक्षेसाठी माणसाचे तीन दिवस मोडतात. मग अंतर्गत मूल्यमापन घरच्याच शिक्षकांवर उरकतं आणि मुलांच्या चुकांवर बाहेरची नजर पडतच नाही. व्हिडिओचा खरा फायदा इथे आहे. प्रवासखर्च वाचतो ही गोष्ट त्यापुढे किरकोळ.

ऑस्की ही पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ मध्ये मांडली. प्रत्येक विद्यार्थ्याला तेच काम, तेवढाच वेळ आणि तीच चेकलिस्ट, हा तिचा गाभा. व्हिडिओमुळे हा गाभा बदलत नाही, पण त्यात एक नवी अट शिरते. खोलीत उभा असलेला परीक्षक मान वळवून पाहू शकतो, वाकून पाहू शकतो. पडद्यापलीकडच्या परीक्षकाला कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. चेकलिस्टवरची जी ओळ कॅमेऱ्यात येत नाही, ती परीक्षक अंदाजाने भरतो, आणि तिथेच विद्यार्थ्यावर अन्याय होतो. म्हणून आधी चेकलिस्ट लिहा, प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या कॅमेऱ्यात दिसेल ते लिहा, आणि मगच स्टँड उभे करा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: खाटेशेजारी जागा मिळेल तिथे मोबाइल उभा राहतो आणि जुनी चेकलिस्ट तशीच परीक्षकाला जाते.

मांडणीचा एक नियम पाळला तर निम्मा गोंधळ होतच नाही: मुलं फिरवा, खोल्या फिरवू नका. झूममध्ये पाच स्टेशनांच्या पाच ब्रेकआउट रूम, म्हणजे एकाच मीटिंगमधल्या वेगळ्या खोल्या, करायच्या. प्रत्येक रूममध्ये त्या स्टेशनचे दोन मोबाइल आणि एक परीक्षक, सकाळी एकदा बसवले की दुपारपर्यंत हलवायचे नाहीत. विद्यार्थी स्किल लॅबमध्ये पायांनी एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जातील. विद्यार्थ्यांना झूमवर इकडून तिकडे ढकलत बसलं, तर दर फेरीला कुणीतरी मुख्य खोलीत अडकून पडतं आणि रूम बंद होतानाची उलटी गिनती बोलणं मध्येच तोडते. आठ मिनिटं स्टेशन आणि दोन मिनिटं बदल धरला, तर पाच मुलांची एक फेरी ५० मिनिटांची. वीस मुलांना चार फेऱ्या, म्हणजे ३ तास २० मिनिटं. मध्ये चहाला वीस मिनिटं ठेवाच. तीन तास सलग पडदा पाहिलेला परीक्षक शेवटच्या फेरीत सगळ्यांना सारखेच गुण देऊ लागतो. वेळ झाल्याची घंटा लॅबमध्येच वाजू द्या. तीच घंटा, आवाज चालू असलेल्या मोबाइलमधून परीक्षकाला ऐकू जाते.

दोन मोबाइलांपैकी एकावर आवाज, दुसऱ्यावर फक्त चित्र. इथे एक चूक हमखास होते. दुसऱ्या मोबाइलचा माइक म्यूट केला जातो, पण स्पीकर चालूच राहतो, आणि परीक्षक बोलला की त्याचा आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने येऊन घुमतो. दुसऱ्या मोबाइलवर ऑडिओ जोडूच नका. जोडला असेल तर ऑडिओ डिस्कनेक्ट करा. याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवायला हवा. झूम बोलणाऱ्याला मोठं करून दाखवतं आणि मुका मोबाइल कधीच बोलत नाही, म्हणजे हातांवर रोखलेला कॅमेरा परीक्षकाच्या पडद्यावर कायम कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत राहतो. छोट्या चौकटीला झूम कमी रिझोल्यूशनचं चित्र पाठवतं. परीक्षकाने तो व्हिडिओ पिन केला, म्हणजे आपल्या पडद्यावर मोठा करून अडकवून ठेवला पाहिजे. दोन्ही कॅमेरे एकदम पिन करायचे तर होस्टने, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याने, त्याला तशी परवानगी द्यावी लागते. सुरुवातीच्या पाच मिनिटांत प्रत्येक परीक्षकाकडून हे करून घ्या, नंतर कुणाला आठवत नाही.

मोबाइल आडवे धरायचे आणि मागचा कॅमेरा वापरायचा. तो पुढच्यापेक्षा सरस असतो, शिवाय पडदा विद्यार्थ्याकडे पाठ करून राहतो, त्यामुळे स्वतःचं चित्र पाहून त्याचं लक्ष विचलित होत नाही. एअरप्लेन मोड चालू करून फक्त वाय-फाय ठेवा, नाहीतर ऐन परीक्षेत फोन वाजतो आणि झूमचा आवाज तुटतो. चेहरा उजळ करणारा फिल्टर, कमी उजेडात आपोआप उजळणारी सोय आणि आभासी पार्श्वभूमी हे तिन्ही बंद. फिल्टर त्वचेवरचं पुरळ पुसट करतो, आणि आभासी पार्श्वभूमी स्टेथोस्कोपची नळी, कधी कधी अख्खा हात गिळून टाकते.

आता एकेक कौशल्य. परकशन, म्हणजे बोटावर बोट ठोकून आतला नाद ऐकणं, व्हिडिओवर चांगलं दिसतं, पण फक्त बाजूने. डावं मधलं बोट बरगड्यांच्या मधल्या जागेत पूर्ण टेकलंय की नाही, बाकीची बोटं उचललेली आहेत का, उजव्या मधल्या बोटाचा ठोका मनगटातून येतोय की कोपरातून, आणि ठोकल्यावर बोट लगेच उचललं जातंय का, हे सगळं छातीच्या पातळीवर ६० ते ९० सेंटीमीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसतं. वरून पाहिलं तर दोन हातांचा एकच गठ्ठा दिसतो. नाद मंद की ठणठणीत, हे मात्र व्हिडिओवरून ठरवू नका. त्या ओळीचे गुण विद्यार्थी काय ऐकलं म्हणून सांगतो त्यावर द्या, आणि बरोबर उत्तर जागेवरच्या शिक्षकाने आधी तपासून परीक्षकाच्या कार्डावर लिहिलेलं असू द्या. छातीचं प्रसरण पाहायला कॅमेरा खाटेच्या पायथ्याशी हवा, दोन्ही अंगठे समोरून दिसले पाहिजेत.

यकृताच्या पाल्पेशनमध्ये, म्हणजे हाताने चाचपताना, परीक्षार्थी रुग्णाच्या उजव्या बाजूला उभा असतो. म्हणून कॅमेरा डावीकडे, खाटेपासून जरा वर, तिरका. सुरुवात उजव्या इलियाक फोसापासून, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून, झाली का, रुग्णाला श्वास घ्यायला सांगितलं का, हात श्वासाबरोबर वर सरकला का, हे दिसतं. बोटं किती खोल गेली ते दिसत नाही. त्या खोलीसाठी चेकलिस्टवर ओळ ठेवूच नका. त्याऐवजी एक ओळ वाढवा: पोट दाबताना विद्यार्थी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो का. ही सवय खोलीतल्या परीक्षेत अनेकदा निसटते, कारण परीक्षक हात पाहत असतो. चेहरा आणि हात एकाच चौकटीत असले की ती चटकन पकडता येते.

फिकटपणा आणि कावीळ यांच्या वाट्याला जाताना सांभाळा. मोबाइल उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवून घेतो. पिवळ्या बल्बखालचा माणूस पांढरा दिसतो आणि ढगाळ दिवशी खिडकीशी बसलेला निळसर. चौकटीत एक कोरा पांढरा ए-फोर कागद ठेवला तर परीक्षकाला निदान रंग किती सरकलाय ते कळतं. गुण कृतीला द्या: खालची पापणी नीट ओढली का, रुग्णाला वर पाहायला सांगितलं का, उजेडाकडे वळवलं का. गळ्यातल्या शिरेची स्पंदनं तर व्हिडिओवर विसराच. डेटा वाचवायला दाबून पाठवलेल्या चित्रात अशी बारीक हालचाल आधी पुसली जाते. उलट क्लबिंगसाठी, म्हणजे बोटांची टोकं फुगलीत का हे पाहायला, दोन नखं एकमेकांना टेकवून मधली खिडकी पाहणं पांढऱ्या कागदासमोर झकास दिसतं.

रक्तदाबासाठी दुसरा मोबाइल डायलवर लावा. आधी नाडीवर बोट ठेवून अंदाज घेतला का, मग त्या अंदाजापेक्षा ३० मि.मी. जास्त फुगवलं का, काटा सेकंदाला २ ते ३ मि.मी. या गतीने उतरला का, हे परीक्षकाला खोलीतल्यापेक्षाही बरं दिसतं. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खोबणीच्या २-३ सेंटीमीटर वर आहे की नाही, हेही.

सीपीआरला कॅमेरा मॅनेकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) छातीच्या पातळीवर, बाजूने. ५ ते ६ सेंटीमीटरची खोली आणि दाबल्यावर छाती पूर्ण वर येणं, दोन्ही वरून दिसत नाहीत. ३० दाब १५ ते १८ सेकंदांत झाले तर गती मिनिटाला १०० ते १२० मध्ये बसली. नेटवर्क अडखळलं तर चित्र गोठतं आणि मग उडी मारतं, मोजणी चुकते. म्हणून या एका स्टेशनवर मोजणीचे गुण जागेवरच्या तंत्रज्ञाकडे द्या. टाके घालायला कॅमेरा ४०-५० सेंटीमीटर वर, पण बरोबर डोक्यावर नको, विद्यार्थ्याचंच कपाळ मध्ये येतं. डावखुऱ्या मुलासाठी स्टँड दुसऱ्या बाजूला सरकवा. यादीत डावखुऱ्यांच्या नावापुढे आधीच खूण करून ठेवा.

आवाजाचा विषय वेगळा. झूमची आवाज गाळण्याची सोय माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे. संथ, सतत चालणारा आवाज तिला गोंगाट वाटतो. पंखा, पत्र्यावरचा पाऊस आणि श्वासाचे आवाज तिच्या लेखी एकाच माळेचे मणी. हृदयाचे आवाज तर बहुतेक २० ते २०० हर्ट्झमध्ये असतात, आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर तेवढ्या खाली नीट वाजतच नाहीत. झूममधला ओरिजिनल साऊंड हा पर्याय चालू केला तर गाळणं थांबतं, पण मग पाऊसही सगळा आत येतो. त्यापेक्षा रस्ता बदला: रेकॉर्ड केलेला आवाज लॅबमधल्या विद्यार्थ्याच्या कानात हेडफोनने वाजवा, स्टेथोस्कोप कुठे ठेवला ते कॅमेऱ्यात पाहा आणि त्याने काय ओळखलं ते ऐका. परीक्षकाला तो आवाज ऐकण्याची गरजच नाही. बोलण्याच्या स्टेशनांसाठी कॉलर माइक लागतोच. पत्र्याखाली खाटेपासून दोन मीटरवर ठेवलेल्या मोबाइलमधून रुग्णाची हळू बोललेली तक्रार परीक्षकापर्यंत पोचत नाही, आणि मग विद्यार्थ्याने ती ऐकून पुढचा प्रश्न विचारला की नाही हेही ठरत नाही.

कोकणासाठी स्टेशनं निवडताना इथल्या आजारांना जागा द्या. लेप्टोस्पायरोसिसचं हिस्ट्री स्टेशन व्हिडिओवर उत्तम चालतं. भूमिका करणारा रुग्ण भाताची लावणी करणारा, वय पस्तीसच्या आसपास, आणि बोली मालवणी: “माका चार दिस ताप येता, टकला दुखता, पाय उचलूक जमणा नाय.” लातूर-नागपूरकडच्या मुलाने टकला म्हणजे डोकं ना, असं विचारून खात्री करून घेतली तर त्याला गुण हवेत, न विचारता पुढे गेला तर नकोत. रुग्णाचं स्क्रिप्ट आणि शेजारी प्रमाण मराठी, अशी दोन रकान्यांची प्रत परीक्षकाला आदल्या दिवशी पाठवा, कारण पुण्याच्या परीक्षकालाही टकला अडेल. चेकलिस्टमध्ये चिखलात अनवाणी काम, पायावरच्या जखमा, लघवी कमी होणं, डोळे लाल किंवा पिवळे होणं, दम लागणं. शेवटी पोटरी दाबून पाहणं. ते करताना मुलगा पोटरीकडे पाहतो की रुग्णाच्या चेहऱ्याकडे, याचा कॅमेरा खाटेच्या पायथ्याच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर.

फुरसं आणि घोणस इथे घराशेजारची आहेत आणि त्यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, तेव्हा २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचं स्टेशन असलंच पाहिजे. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी, त्यात शिरेतलं २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता ठेवणं, मग एकदाच तिरकी करून पाहणं. प्लॅस्टिकची नळी उचलली, मध्येच हलवून पाहिली, दोन्ही चुका कॅमेऱ्यात लख्ख दिसतात. आठ मिनिटांच्या स्टेशनात वीस मिनिटं बसत नाहीत, म्हणून नळी लावून झाली की “वीस मिनिटं झाली” असं सांगून तयार ठेवलेली दुसरी नळी हातात द्या. ती न गोठलेली असेल तर पुढचा प्रश्न: सर्पविषरोधक लसीच्या किती कुप्यांनी सुरुवात? दहा.

विंचूदंशाचं स्टेशन लेखी हिशेबाचं ठेवा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन हे औषध या उपचारात आलं. कोकणात शिकलेल्या डॉक्टरला त्याचा डोस झोपेतही सांगता यायला हवा. मूल १२ किलोचं, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३६०. हिशेब कागदावर, कागद हातांच्या कॅमेऱ्याखाली, काळ्या जाड पेनने. निळ्या बॉलपेनचा बारीक आकडा परीक्षकाला वाचता येत नाही.

एक स्टेशन असं आहे की ते व्हिडिओवरच घ्यायला हवं: दूरस्थ सल्ला. ई-संजीवनीसारख्या सरकारी ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेवर उद्या याच मुलांना बसायचं आहे. २५ मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रुग्णाची ओळख विचारणं, स्वतःची ओळख सांगणं, रुग्णाने स्वतः संपर्क केला तर संमती गृहीत आणि डॉक्टरने केला तर स्पष्ट संमती, आणि सगळ्यात महत्त्वाचं, या रुग्णाला पडद्यावर न ठेवता ताबडतोब रुग्णालयात बोलवायचं हे वेळेत ओळखणं. इथे विद्यार्थी कॅमेऱ्यात पाहून बोलतो की पडद्यावरच्या चेहऱ्याकडे, यालाही गुण ठेवता येतात.

इंटरनेटचा हिशेब आधी करा. पाच स्टेशनांचे दहा मोबाइल प्रत्येकी साधारण १ एमबीपीएस वर पाठवतील, म्हणजे भरवशासाठी २० एमबीपीएसचा अपलोड हवा. फायबरची जाहिरात डाउनलोडचा आकडा सांगते, तुम्ही अपलोड मोजा. एखादं स्टेशन मोबाइल डेटावर टाकायचा मोह होतो. १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी नुसते पाठवण्याचे, वर येणारं चित्र वेगळं. दिवसाच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर शेवटच्या फेरीत वेग कोसळतो आणि ज्यांचे नंबर शेवटी, त्या मुलांना त्याचा फटका बसतो. राउटरला छोटा यूपीएस लावाच. वीज गेली की मोबाइल बॅटरीवर चालू राहतात, पण राउटर बंद पडला की पाचही स्टेशनं एकदम जातात. एसी खोलीतून दमट लॅबमध्ये आणलेल्या मोबाइलच्या भिंगावर बाष्प धरतं, म्हणून वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. उन्हाळ्यात उलट त्रास: चार्जिंगला लावून तीन तास चाललेला मोबाइल तापतो, त्याचं कव्हर काढा.

पैशांचं म्हणाल तर झूमचं पैसे भरलेलं होस्ट खातं एकच पुरतं, बाकी सगळे फुकट खात्यावरून येऊ शकतात. फुकटच्या खात्याने मीटिंग चालवली तर ४० मिनिटांत बंद होते, म्हणजे पहिली फेरीसुद्धा पुरी होत नाही. गूगल मीटमध्ये ब्रेकआउट पैसे भरलेल्या खात्यांतच मिळतं. व्हॉट्सॲप कॉल या कामाचा नाही.

गुण पाचपैकी द्यायचे तर संवाद आणि समुपदेशनाच्या स्टेशनांना साडेचार, कृतीच्या स्टेशनांना, म्हणजे सीपीआर, टाके आणि रक्तदाबाला, चार. शारीरिक तपासणीला तीन, तेही कॅमेरा योग्य जागी असेल तरच. परीक्षकाने स्वतः आवाज ऐकायच्या स्टेशनांना एक. आमच्या मते ही पद्धत अंतर्गत मूल्यमापनाला आणि सरावाला वापरावी. विद्यापीठाच्या अंतिम प्रात्यक्षिकात मुलगा पास की नापास हे हिच्या भरवशावर ठरवू नये, कारण हाताला काय लागलं ते पडद्यावर येत नाही.

रेकॉर्डिंग ठेवणार असाल तर एक गोष्ट आधी कळायला हवी: झूमचं क्लाउड रेकॉर्डिंग फक्त मुख्य खोलीचं होतं, ब्रेकआउट रूम त्यात येत नाहीत. होस्टने परवानगी देऊन प्रत्येक परीक्षकाच्या लॅपटॉपवर लोकल रेकॉर्डिंग करावं लागतं, आणि त्यात त्याने पिन केलेलंच दृश्य येतं. एकाच मुलाचं तेच स्टेशन दोन परीक्षकांनी स्वतंत्र तपासायला हे रेकॉर्डिंग फार मोलाचं आहे. खरे रुग्ण चौकटीत नकोत, भूमिका करणारेच घ्या. मुलांची आणि त्यांची लेखी मराठी संमती घ्या, त्यात कोण पाहणार आणि कोणत्या तारखेला पुसणार ते लिहा. आता डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ आहे, चेहरा आणि आवाज ही माहितीच आहे. आणि परीक्षकांना बजावून सांगा: मीटिंग संपल्यावर झूम फाइल रूपांतरित करत असतं, ती पट्टी पूर्ण भरेपर्यंत लॅपटॉप मिटायचा नाही, डिस्कवर जागा मोकळी ठेवायची, आणि फाइल उघडून शेवटच्या मुलाचा आवाज ऐकू येतो हे पाहिल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.